रविवारी वस्तीत शिकवायला जाते, पण जमत नाहीये. सोडू का?

ऐरोलीकरीण

नमस्कार. एरवी नुसती वाचते इथे, पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. ऐरोलीत राहते, वागळे इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. नवरा, पाचवीतला मुलगा, सासूबाई, सगळं तसं बरं चाललंय. गेल्या वर्षी माझे वडील गेले. ते शिक्षक होते. गावाला दहाव्याला असे असे लोक आले की ज्यांना मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि सरांनी माझी फी भरली, सरांनी मला दोन वर्षं घरी ठेवून घेतलं असं एकेक जण सांगत होता, आणि मी तिथे पदर तोंडाला लावून बसले होते पण डोक्यात चाललेलं की माझ्या दहाव्याला कोण येणार आणि काय सांगणार, मॅडम जीएसटी रिटर्न वेळेवर भरायच्या? हसू नका, खरंच हेच आलं डोक्यात.

परत आल्यावर आधी एक दोन दिवसांचं शिबिर केलं, येऊरला एका बंगल्यावर, साडेतीन हजार रुपये. कागदावर आपल्या जगण्याचा हेतू लिहायचा आणि डोळे मिटून बसायचं. मी लिहिलं 'समाजासाठी काहीतरी'. सरांनी छान म्हटलं. घरी येईपर्यंत त्या 'काहीतरी'चं काय करायचं ते कळेना.

मग एका छोट्या संस्थेत नाव दिलं. दर रविवारी १० ते १२, दिघ्याकडच्या एका वस्तीत समाजमंदिरात वर्ग भरतो, पाचवी ते आठवीची पोरं. मला गणित दिलं कारण मी अकाउंट्सवाली. सात महिने झाले. आणि खरं सांगते, मला शिकवता येत नाही. अपूर्णांक तीनदा सांगून झाले की चौथ्यांदा माझा आवाज चढतो. एक मुलगी तर मी जवळ गेले की वही झाकते. बाजूच्या चटईवर इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे, तो बिस्किटचा पुडा फोडून अर्धं पाव करतो, पोरं त्याच्या अंगावर लोळत असतात. मी घड्याळ बघत असते. शनिवारी रात्रीच पोटात गोळा येतो.

(ती वही झाकणारी मुलगी म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचीच मुलगी, योगायोगाने. मी तिथे आहे हे तिला आवडत नसावं.)

वर ऑफिसात सगळे म्हणतात किती ग्रेट काम करतेस. मीच फोटो टाकले होते ना. आता कुणी ग्रेट म्हटलं की चोरी पकडल्यासारखं वाटतं.

तर विचारायचं हे की सोडलं तर तो पळपुटेपणा होईल का? आणि आपलं काम नक्की कोणतं हे लोकांना कळतं कसं? वडिलांना कधी विचारलं नाही. त्यांना बहुतेक हा प्रश्नच पडला नसणार.

तलावपाळी_टाइमपास

सोडा. टॅक्स भरताय ना, झालं समाजकार्य. रविवारी सकाळी तलावपाळीवर या, मिसळ खा, चार लोकांशी हसून बोला. निम्मे लोक समाज बदलायला निघतात ते घरी करमत नाही म्हणून.

ताळेबंद

ताई, मी पण अकाउंट्सवालाच, म्हणून हक्काने सांगतो. गणित शिकवणं आणि हिशोब येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुम्हाला गणित देणाऱ्या संस्थेला हे कळायला हवं होतं. प्लंबरला पोहायला शिकवायला लावलंय, पाण्याचं काम म्हणून.

त्या संस्थेच्या अध्यक्ष किंवा सेक्रेटरी बाईंना एकच विचारा, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळते ती आयकराची नोंदणी) चालू आहे का आणि शेवटचा चेंज रिपोर्ट कधी टाकला. चेहरा बघा त्यांचा.

मी गेली काही वर्षं ठाणे-कळव्याकडच्या दोन-तीन छोट्या ट्रस्टचे कागद बघतो, फुकट. हे लोक मनापासून काम करतात आणि कागदात मरतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे तोच चेंज रिपोर्ट, टाकायचा असतो, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे. कुणी टाकत नाही. मग दहा वर्षांनी एखादी कंपनी सीएसआरचे (समाजकार्यासाठी बाजूला काढलेले) पैसे द्यायला तयार होते आणि कागदोपत्री ट्रस्टी कोण, तर त्यातले दोन स्वर्गात. २०२१ पासून ८०जी कायमचं राहिलं नाही, मुदतीचं झालं, संपलं की रिन्यू करा. देणगीदारांची यादी आयकराच्या १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेच्या आत भरायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. सीएसआरचे पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नोंदणी नंबर हवा. महिन्याला आठ-दहा हजारांवर चालणारी संस्था हे कोणाकडून करून घेणार? सीए लावला तर मुलांची खिचडी बंद.

हे काम केलंत तर कोणी फोटो काढणार नाही. दहाव्याला कोणी सांगणार पण नाही की ताईंनी १०बीडी वेळेत भरला. पण वर्ग चालू राहील.

खारेगाव_एक्सप्रेस

मी एनएसएसला होतो, वर्षाला १२० तास भरायचे, दोन वर्षांत २४०. आमचे ४० तास नुसते बॅनर धरण्यात गेले. एकदा खाडीकिनारी सफाईला गेलो तर आम्ही उचललेल्या प्लास्टिकपेक्षा आमच्या नाश्त्याच्या प्लेटा जास्त झाल्या 😅 सात महिने टिकलात हेच खूप आहे मॅडम. मला पोरं सांभाळणं जमतं, कागद जमत नाहीत, तुमचं उलट आहे एवढंच.

जुना_ठाणेकर

ताळेबंद यांनी मुद्द्याचं लिहिलंय, त्याला जोडून आमच्या ठाण्याच्याच एका माणसाचं सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्यातला, १८४८ चा. त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा निघाली, आणि पुढे हे लोखंडे फुल्यांच्याच सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते झाले.

पेशा काय, तर रेल्वेत नोकरी, पोस्टात नोकरी, मग मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे गोदामाचा हिशोब ठेवणारा माणूस. आता स्टोअरकीपरला काय दिसतं बघा. कोण किती वाजता आला, कोणाचा पगार किती दिवस थकला, कोण मशीनवर हात गमावून घरी गेला. व्यासपीठावरच्या पुढाऱ्याला हे दिसत नाही. १८८० पासून ते 'दीनबंधू' साप्ताहिक चालवायला लागले आणि हे सगळं त्यात छापायला लागले.

तेव्हा गिरणीत काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आणि आठवड्याची सुट्टी नाही. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारी कमिशनपुढे अर्ज ठेवला. मागण्या अगदी साध्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते दिवस मावळेपर्यंतच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. सही येणारे किती असतील त्यात, बाकी अंगठे. एकेक अंगठा कुणीतरी शाई लावून, समजावून घेतलेला असणार ना. लगेच काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बायकासुद्धा बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले, सावित्रीबाईही त्याच प्लेगात गेल्या.

दरवर्षी जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की 'एका मराठी माणसाने एकट्याने लढून जगाला रविवार दिला'. एक तर जगाला नाही, मुंबईच्या गिरणी कामगारांना. आणि एकट्याने तर मुळीच नाही. एकट्याने म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, कारण आपण लोखंडे नाही, सुटलो. त्या साडेपाच हजारांतला एक व्हायला मात्र काही सबब उरत नाही.

ताई तुम्ही रविवारी १० ते १२ जाता ना वस्तीत, तो रविवार त्यांच्याकडून आलाय.

तलावपाळी_टाइमपास

काका तो फॉरवर्ड मीच टाकला होता आपल्या कट्ट्याच्या ग्रुपवर 🙏 एकट्याने वगैरे मला काय माहीत.

इलठणपाडा_ते_वाशी

मी त्या बाजूची आहे. म्हणजे चटईच्या त्या बाजूची.

आमच्या वस्तीत दर जूनला नवीन दादा-ताई यायचे आणि दिवाळीपर्यंत गळायचे. आम्ही पोरं पैज लावायचो, हा किती रविवार टिकणार. चॉकलेट वाटणारे सगळ्यात आधी जायचे. सात महिने म्हणजे आमच्या हिशोबात तुम्ही पास आहात, आणि ओरडता हे फार मोठं काही नाही, शाळेत त्याच्यापेक्षा जास्त ओरडायचे. नाटक करणारे आम्हाला लगेच कळायचे. तुम्ही नाटक करत नाही असं वाटतंय लिहिण्यावरून.

मी आज वाशीला एका बँकेत आहे ती कोणाच्या शिकवण्यामुळे नाही. एक मॅडम होत्या, पोस्टात कामाला. त्या शिकवायच्याच नाहीत, गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर यायच्या आणि फॉर्म भरायच्या. बस. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, आधारचं स्पेलिंग. ऐकायला किती फालतू वाटतं. पण जातीचा दाखला काढायचा तर आम्हा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी इथलेच होतो त्याचा पुरावा लागतो, एससी असेल तर १० ऑगस्ट १९५०. आमची वस्तीच मुळात नव्वदच्या आसपासची, आणि त्याच्या आधीचा कागद म्हणजे आजोबा ज्या शाळेत दोन वर्षं गेले ती जालन्याकडची शाळा. बाबा दोनदा गेले, दोनदा मजुरी बुडाली, क्लार्क म्हणाला रजिस्टर सापडत नाही. मॅडमनी नुसती पत्रं लिहिली. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. चौथ्या पत्राला निर्गम उतारा, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, आला. आठ महिने लागले. त्या एका कागदावर माझी कॉलेजची स्कॉलरशिप उभी राहिली, आणि माझ्या मागून चुलतभाऊ, बहीण, सगळ्यांचे दाखले त्याच्यावरच निघाले.

त्यांचा फोटो कुणाकडे नाही आमच्यात. नाव मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आता जरा कडू लिहिते, राग मानू नका. काकांनी रविवारचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. तुम्ही रविवारी १० ते १२ त्या मुलीला गणित शिकवता, तेव्हा तिची आई कुठे असते?

माझी आई २२ वर्षं ऐरोलीत घरकाम करत होती. आमच्या सगळ्या रविवारी ती तुमच्यासारख्याच चांगल्या लोकांकडे असायची. मुलगी वही झाकते ती गणित चुकलं म्हणून झाकते की दुसरं काही, ते मी सांगू शकत नाही. मला विचाराल तर माझ्या आईच्या मॅडम समोर बसल्या असत्या तर मी पण झाकली असती.

तलावपाळी_टाइमपास

बाप रे.

ऐरोलीकरीण

दोन दिवस रिप्लाय केला नाही. पहिल्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी काय वाईट वागवते का त्यांना, दिवाळीला पूर्ण पगार बोनस देते, मुलीला वह्या दिल्या, असं सगळं टाइप करून खोडलं.

हो. ताई रविवारी साडेनऊला आमच्याकडे येतात. मी दार उघडून त्यांना आत घेते आणि पावणेदहाला दिघ्याची शेअर रिक्षा पकडायला निघते. त्या माझी भांडी घासतात तेव्हा मी त्यांच्या मुलीसमोर बसलेली असते. सात महिन्यांत हे एकदा पण माझ्या डोक्यात असं समोरासमोर आलं नाही. सुट्ट्या महिन्याला दोन. त्याच्यावर खाडा झाला की पैसे कापतो. आणि खाडा कालनिर्णयवर लाल पेनाने मीच मांडते, ऑफिसची सवय, वर्षाचा हिशोब तोंडपाठ आहे मला त्यांच्या खाड्यांचा.

कपाचं कुणी विचारलं नाहीये पण आता सांगूनच टाकते. त्यांचा कप वेगळा आहे. स्टीलचा, ओट्याखाली. सासूबाईंनी ठेवलाय. पण मी पण पाच वर्षं बघतेय, काढला नाही.

ताळेबंद

ताई हे लिहिलंत ते सोपं नाही.

माहिती म्हणून देतो. घरकामाला कारखान्याचा कायदा लागू नाही, घर म्हणजे कारखाना नाही ना. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते. पण त्याचं स्वरूप मदतीचं, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, अंत्यविधी वगैरे. आठवड्याच्या सुट्टीचं तुम्हालाच ठरवावं लागणार. नोंदणीला जिथे काम करतात त्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि बहुतेक घरं ते द्यायलाच घाबरतात, उगाच आपल्या गळ्यात काही येईल म्हणून. काही येत नाही. ते तरी लगेच द्या.

घणसोलीची_सून

मी माहेरची उरणकडची, आगरी. समाजकार्य-बिर्य शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही पण एक सांगते. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे सगळी गावं उतरली होती, नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या त्याच्या मोबदल्यासाठी. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आज ज्याला साडेबारा टक्के म्हणतात (गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे विकसित भूखंड परत), ज्याच्यावर निम्मी नवी मुंबई उभी आहे, ते त्याच्यातून आलं. दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन असतं, भाषणं असतात.

आमची आजी तेव्हा मोर्चाला गेलीच नव्हती. तिच्याकडे काम होतं तांदळाच्या भाकऱ्यांचं. गावातून किती पुरुष गेले, किती बायका गेल्या, कुणाच्या घरी मागे म्हातारं माणूस आणि तान्हं पोर एकटं राहिलंय हे सगळं तिला तोंडपाठ. गोळीबाराच्या रात्री कोण परत आलं नाही ते पोलिसांच्या आधी तिला कळलं, कारण भाकऱ्या उरल्या. ती हे सांगताना कधी रडायची नाही, नुसती बोटं मोडायची. तिला कुणी हारबीर घातला नाही आणि तिची पण काही तक्रार नव्हती, तक्रार मला आहे.

कप काढा हो तो आधी. बाकी होईल.

ऐरोलीकरीण

दीड महिन्याने लिहितेय. कुणी वाचतंय का माहीत नाही.

गणित सोडलं. सेक्रेटरी बाईंना सरळ सांगितलं की मला जमत नाही, पण तुमचे कागद बघते. त्यांनी आतल्या खोलीतून साड्यांच्या दुकानाच्या दोन पिशव्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. २०१९ पासूनच्या पावत्या. काही पावत्यांवरची शाई उडालेली, एका पावतीच्या मागे खिचडीचं सामान लिहिलेलं. ताळेबंद, तुम्ही म्हणालात तसंच, एक विश्वस्त तीन वर्षांपूर्वी वारलेत आणि कागदावर अजून सह्यांना पात्र आहेत. चार शनिवार बसून किर्द लिहून काढली. आणि काय सांगू, मला घड्याळ बघावं लागलं नाही. एकदा तर दुपारचं जेवायचं विसरले. ऑफिसात तेच काम करताना जांभया येतात.

वर्गावर माझ्या जागी खारेगावसारखाच एक कॉलेजवाला आला, पोरं खुश आहेत. (खारेगाव, तूच नाहीस ना तो?)

आता रविवारचं. घरी आधी नवऱ्याशी बोलले, तो म्हणाला दे की सुट्टी, जसं काही रविवारची भांडी तो घासणार होता. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, रविवारची भांडी मी घासेन, पण तो कप आहे तिथेच राहील. म्हणजे बघा. मी त्या दिवशी ताईंना आमच्या चहाच्या कपात चहा दिला, सासूबाईंच्या समोर, छातीत धडधडत होतं माझ्या. ताईंनी तो घेतलाच नाही. म्हणाल्या, 'राहू द्या ताई, माझा मला बरा. त्याच्यात चहा जास्त मावतो.' आणि ओट्याखालून स्वतःचा काढून घेतला. चेष्टा होती की टोमणा होता की मला आणि सासूबाईंना भांडणातून वाचवलं, अजून कळलेलं नाही. मी तो कप आता वर मांडणीत आमच्या कपांच्या शेजारी ठेवते. सासूबाई परत खाली ठेवतात. असं रोज चाललंय.

आणि सुट्टीचं सांगितल्यावर मला वाटलेलं की त्या खुश होतील. त्यांनी भांडी विसळता विसळता विचारलं, 'बाकीच्या चार घरचं काय?'

त्या पाच घरी करतात. एकट्या माझ्या घरची सुट्टी म्हणजे अर्धा तास वाचला, दिघ्याहून यायचं तर आहेच, रिक्षाचे पैसे पण तेवढेच. म्हणाल्या एका घरच्या सुट्टीत मी करू काय, तुमच्या जिन्यात बसू? मला इतकं वरमल्यासारखं झालं. मी तर मनात स्वतःला शाबासकी देऊन मोकळी झाले होते.

मग यादी केली. यादी करता येते मला. पाच घरं, त्यात दोन आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक समोरच्या सोसायटीत, एक सेक्टर ८ ला. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायची घोडचूक केली. तासाभरात ४३ मेसेज. 'तुम्ही नोकरी करता, आमच्याकडे पाहुणे रविवारीच येतात', 'अशाने यांना सवयी लागतात', आणि सगळ्यात जास्त लाइक कशाला तर 'कृपया रेट बिघडवू नये'. त्या ४३ मध्ये ज्यांच्याकडे ताई करतात त्या दोन्ही घरांनी एक शब्द लिहिला नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

म्हणून ग्रुप सोडून दारावर गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, माझी गुडघ्याची कंडिशन अशी, रविवारी मुलगा घरी असतो त्याला सांगते. तयार झाल्या. सातव्या मजल्यावरची मुलगी नवीन लग्न झालेली, ती पहिल्या मिनिटाला हो म्हणाली आणि तिनेच विचारलं की पगार कापायचा नाही ना यात, नाहीतर सुट्टी कसली. मी हे सांगायला विसरलेच होते! समोरच्या सोसायटीवाल्या एक आड एक रविवार म्हणतात, त्यांना अजून थोडं पटवावं लागेल. मंडळाच्या नोंदणीसाठी प्रमाणपत्र मी आणि सातव्या मजल्याने दिलंय, काकू मुलाला विचारून सांगणार आहेत.

सेक्टर ८ वाल्या फोन उचलत नाहीत. ताई म्हणतात त्यांच्याकडे लागू नका, काम जाईल माझं. ते पण खरंय, काम गेलं तर माझं नाही, त्यांचं जाणार. म्हणून तिथे थांबलेय. पाचातली साडेतीन घरं झाली, पण रविवार अजून एक पण मिळालेला नाही त्यांना.

मुलगी वर्गात दिसते मला अधूनमधून, मी पिशव्या घेऊन आतल्या खोलीत जाते तेव्हा. वही झाकत नाही, पण बोलत पण नाही.

जुना_ठाणेकर

वाचतोय. लोखंड्यांना १८८४ ते १८९० सहा वर्षं लागली होती, तुमचा दीड महिना झालाय. तिसऱ्या मजल्यावर तिसऱ्यांदा गेलात हे आवडलं.

खारेगाव_एक्सप्रेस

मी नाही तो मॅडम 😂 पण बिस्किटची आयडिया ढापतोय.

ताळेबंद

बदल अर्जाला उशीर झालाय म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, नुसता चेंज रिपोर्ट टाकू नका. मृत्यूचा दाखला आणि त्यानंतरच्या मीटिंगचा ठराव लागेल. ठराव नसेल तर खोटा बनवू नका, आता मीटिंग घ्या. आणि ३१ मे लक्षात ठेवा.

इलठणपाडा_ते_वाशी

परवा आईला वाचून दाखवलं सगळं. कपाच्या ठिकाणी हसली खूप. म्हणाली टोमणाच असणार.

सेक्टर ८ ला नक्की कुठे? आई तिथे १४ वर्षं होती कामाला, तिथल्या दोन-तीन मॅडम अजून हळदीकुंकवाला बोलावतात तिला. ती म्हणते तुम्ही जाऊ नका, मी जाते, मला कोण कामावरून काढणार आता. बिल्डिंगचं नाव इथे टाकू नका, मला मेसेज करा.